टक्के कमी केले, पगार बंद पडला, आता दाद कुठं मागायची?

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. भाऊ गवंडीकामाला जायचा, स्लॅबवरून पडला, उजवा पाय आणि डावं मनगट कायमचं अधू झालं. अपंगत्वाचं पहिलं सर्टिफिकेट ५० टक्क्यांचं मिळालं होतं पण टेम्पररी, पाच वर्षांचं. मुदत संपली म्हणून परत तपासणीला बोलावलं, कॅम्पात ही गर्दी, पाय बघितला आणि पुढं पाठवलं, आणि आता नवीन आलंय ते ३६ टक्क्यांचं. लगेच पुढच्या महिन्यात पगार, म्हणजे अपंगांना सरकारकडून मिळणारी महिन्याची पेन्शन, बंद. तलाठी म्हणतंय डॉक्टरना विचारा, डॉक्टर म्हणतात आम्ही बघून लिहिलंय, बँकेत म्हणतात वरूनच पैसे आले नाहीत. आणि शेवटी विचारलंय की चंदगडला मामांच्या पत्त्यावर महाराष्ट्रात अर्ज टाकला तर चालेल काय.

ताई, मी आधी तालुक्याला एमआरडब्ल्यू, म्हणजे अपंग पुनर्वसनाचा कार्यकर्ता म्हणून होतो, आता कायदा सेवा समितीकडं पीएलव्ही, म्हणजे कायद्याच्या मदतीचा स्वयंसेवक म्हणून बसतो, त्यामुळं ही अशी प्रकरणं रोज डोळ्यासमोर असतात. लोक हरतात ते केस कच्ची असते म्हणून नाही, चुकीच्या टेबलासमोर भांडत बसतात म्हणून. तलाठ्यावर ओरडून टक्के वाढत नाहीत आणि डॉक्टरच्या हातापाया पडून बँकेतले पैसे येत नाहीत. इथं तीन टेबलं आहेत. पहिलं दवाखान्यातलं, तिथं फक्त टक्के ठरतात. दुसरं महसूल खात्याचं, म्हणजे नाडकचेरी (आसपासच्या गावांचं महसूल ऑफिस) आणि तहशीलदार, तिथं पगार मंजूर होतो किंवा थांबतो. तिसरं बँकेचं, तिथं आधार जोडलेलं नसलं, एनपीसीआय मॅपिंग, म्हणजे आधारवर येणारे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे ती नोंद, दुसऱ्याच खात्याला झालेलं असलं, की मंजूर असलेला पगारही अडकतो. कुठल्या टेबलानं नाही म्हटलं ते कागदावर आधी शोधा, मग त्याच टेबलाच्या वरच्याकडं जा.

तुमच्या बाबतीत नाही म्हणणारं टेबल पहिलंच दिसतंय, पण तरी खात्री करून घ्या. कारण मी असेही बघितलेत की टक्के कमी झालेत म्हणून घरचे वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या मारत राहिले आणि खरं कारण होतं आधारवरचं नाव. आमच्याकडं हे जास्तच होतं. ज्ञानेश्वर नावाचा माणूस घ्या, शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीनं इंग्रजी स्पेलिंग डी-एन-वाय पासून, आधार कन्नडवरून केलं म्हणून तिथं जे-एन पासून, पासबुकात तिसरंच काहीतरी. कॉम्प्युटरला ती तीन माणसं. तर नाडकचेरीत जाऊन सांगायचं की पगार का थांबला ते लेखी द्या. अर्ज नाकारला की ते लोक हिंबरह, म्हणजे कारण लिहिलेलं लेखी उत्तर, देतात, तो कागद मागायचाच. तोंडी "तुमचं बंद झालंय" याला काडीची किंमत नाही, हिंबरहावर कारण लिहून आलं की तुमचं पुढचं अपील त्या एका ओळीवर उभं राहतं. अर्ज देताना सकालचा जीएससी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंदणी नंबर, असलेली पोच घ्या. सकाल म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी काम करून द्यायची कर्नाटकातली व्यवस्था, तिचा कायदा २०११ चा आहे, ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० पर्यंत भरपाई मागता येते. ५०० रुपयांनी कुणाचं घर चालत नाही, पण तो नंबर असला की अर्ज ड्रॉवरमध्ये झोपत नाही, एवढ्यासाठी तो पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, ते ३६ टक्के.

नवीन सर्टिफिकेट हातात घ्या आणि टक्क्याचा आकडा सोडून त्याच्या आजूबाजूची ओळ वाचा. त्यात शरीराच्या कुठल्या भागाबद्दल हे टक्के आहेत ते लिहिलेलं असतं. तुम्ही सांगताय त्यावरून तिथं फक्त उजवा पाय असणार, मनगटाचं नावच नसणार. असं असेल तर तुमची केस तिथंच अर्धी जिंकली, कारण मग डॉक्टरांनी चुकीचं मोजलं असं म्हणायची गरजच नाही, अर्धं मोजलं एवढंच म्हणायचंय. ह्यातला फरक फार मोठा आहे. डॉक्टरच्या मोजणीला आव्हान दिलं की डॉक्टर लोक एकमेकांना सांभाळून घेतात, पण "हात बघायचा राहिला" ह्याला कुणाचा अपमान होत नाही, अपीलवाला पण पटकन मान्य करतो.

दोन ठिकाणचं अपंगत्व असलं की टक्के सरळ बेरीज करत नाहीत, त्याचं सूत्र केंद्र सरकारच्या गाईडलाईनमध्ये दिलंय. मोठा टक्का घ्यायचा, नव्वदमधून तो वजा करायचा, उरेल त्याला छोट्या टक्क्यानं गुणायचं, नव्वदनं भागायचं, आणि आलेलं मोठ्यात मिळवायचं. समजा जुन्या फाईलीत पाय ४० आणि हात १८ असं होतं. नव्वद वजा चाळीस पन्नास, गुणिले १८ म्हणजे ९००, भागिले ९० म्हणजे १०, चाळीस आणि दहा ५०. तुमच्या भावाचे जुने ५० बहुतेक असेच आले असणार. आता नव्या डॉक्टरांचा पायाचा ३६ आहे तसाच मान्य करून टाका, वादच नको. नव्वद वजा ३६ म्हणजे ५४, गुणिले १८, भागिले ९०, येतात १०.८. एकूण ४६.८, म्हणजे ४७ च्या घरात. बघा, पाय थोडा सुधारला असं धरलं तरी भाऊ चाळीसच्या वरच राहतो. चाळीसला महत्त्व कशामुळं, तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ठळक अपंगत्व म्हणजे किमान ४० टक्के असं धरलंय आणि पगार, पास, आरक्षण सगळं त्या रेषेवर लटकलेलं आहे. यूडीआयडी, म्हणजे अपंगांच्या ओळखपत्राच्या कार्डाचा रंग पण त्यावरच, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. हेच सूत्र दोन वेगवेगळ्या प्रकारचं अपंगत्व असेल, पाय आणि कान म्हणा, तिथंही लागतं, आणि त्याच्यासाठी फॉर्म सहा वेगळा आहे. एकेक करून बघितलं तर दोन्ही ४० च्या खाली, एकत्र केलं तर वर, अशी माणसं ह्या भागात पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

पायाचं पण थोडं सांगतो, कारण अपिलात परत तपासणी लागली तर तिथं काय बघतात ते माहीत असलेलं बरं. पायाचे दोन भाग धरतात, एक सांधे किती हलतात आणि ताकद किती आहे ते, दुसरा म्हणजे तोल आणि उभं राहणं. ह्या दुसऱ्या भागात नऊ गोष्टी आहेत, प्रत्येकीला दहा: सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यावर बसणं, वळणं. आता तुम्हीच आठवून सांगा, त्या कॅम्पात भावाला जिना चढायला लावला होता काय? मांडी घालून बस म्हटलं होतं काय? टेबलापलीकडून पाय बघून हे कळत नाही. हातात पण मूठ-चिमूट पकडता येते का, संवेदना आहे का, ताकद किती, असे तीन भाग तीस-तीसचे असतात. अपिलात लिहायचं ते एवढंच, की ह्यातल्या अमुक अमुक गोष्टी तपासल्या नाहीत. "अन्याय झाला, डॉक्टर उद्धट बोलले" असलं काही लिहू नका, झालं असेल खरं, पण त्यानं टक्का हलत नाही.

अपिलाचा हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे, सर्टिफिकेट देणाऱ्या अथॉरिटीचा निर्णय पटला नाही तर राज्य सरकारनं नेमलेल्या अपील अथॉरिटीकडं जाता येतं. त्याला मुदत असते म्हणून सर्टिफिकेट हातात पडल्यापासून महिन्याच्या आत अर्ज घाला, पगार परत सुरू होतोय का बघू, सणानंतर बघू असं करू नका. अपील अथॉरिटी कोण आणि कुठं ते बेळगावला जिल्हा अंगविकल कल्याण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारा, विकलचेतन इलाख्याचं ऑफिस म्हटलं की कुणीही दाखवतंय, आणि अपिलाची एक प्रत तिथंही देऊन शिक्का मारून घ्या. तुमच्या ग्रामपंचायतीला व्हीआरडब्ल्यू, म्हणजे गावचा अपंग पुनर्वसन कार्यकर्ता असेल, त्याला बरोबर घ्या, त्याला रस्ते माहीत असतात. आणि अर्ज पूर्णच नाकारला असेल, म्हणजे अपंगत्वच नाही म्हटलं असेल, तर फॉर्म आठमध्ये कारण लिहून द्यावं लागतं, नुसतं परत पाठवून चालत नाही. कारणं द्यायची गोष्ट सुप्रीम कोर्टानं पण ठासून सांगितलीय, १५ ऑक्टोबर २०२४ च्या ओंकार गोंड प्रकरणात. ते मेडिकल अ‍ॅडमिशनचं प्रकरण होतं, पगाराचं नाही, पण बोर्डानं नुसता आकडा फेकू नये, कारण लिहावं, हा मुद्दा आपल्याला पण उपयोगी पडतोय.

अपील घालायच्या आधी किंवा बरोबरच माहिती हक्कात अर्ज टाका, दवाखान्याच्या माहिती अधिकाऱ्याला. दोन्ही वेळच्या तपासणीचा कागद, म्हणजे ज्याच्यावर डॉक्टरांनी मोजमाप लिहिलं तो, त्याची प्रत मागा. आपल्या कर्नाटकात एक नियम आहे जो पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून अर्ज लिहिणाऱ्यांना माहीत नसतो, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो. फी दहा रुपये, बीपीएल कार्ड असेल तर माफ, कार्डाची झेरॉक्स जोडा. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. जुन्या कागदावर पाय आणि हात दोन्ही, नव्यावर फक्त पाय, हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की अपिलात तुम्हाला जास्त बोलावंच लागत नाही.

अपघाताच्या वेळी जिथं ऑपरेशन झालं तिथले कागद पण काढा. डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, फिजिओथेरपीची नोंद. पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे, २००२ पासून. अ‍ॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं तरी ठेवावं लागतं, तुमचं त्याच्यापेक्षा जुनं आहे, तरी मागा, मोठ्या दवाखान्यात पुष्कळदा असतंय. इकडची माणसं उपचाराला बेळगाव, कोल्हापूर, मिरज कुठंही जातात, लोक विचारतात तिकडचा कागद इकडं चालतो काय. पुरावा म्हणून चालतो, का नाही चालणार, हाड कुठल्या राज्यात बसवलं ह्याला काही अर्थ नाही. फक्त खाजगी डॉक्टरनं "ह्याला ६० टक्के अपंगत्व आहे" असं लेटरहेडवर लिहून दिलं तर ते सर्टिफिकेट होत नाही, त्याच्यापेक्षा मनगट किती अंश वळतंय, मूठ किती बंद होते हे लिहून घ्या, ते जास्त कामाचं.

आता तपासणीच्या दिवसाबद्दल. इथं माझं मत जरा कडक आहे. आपली माणसं डॉक्टरसमोर अब्रू सांभाळत बसतात. डॉक्टर विचारतात काम करतोस काय, हा म्हणतो करतो की, शेतात जातो. जातो म्हणजे बांधावर जाऊन बसतो, हे सांगत नाही. आई मागनं म्हणते सगळं करतंय साहेब, गुणी आहे पोर. झालं, ते लिहिलं जातं. मानसिक आजाराच्या बाबतीत तर ह्यानं वाटच लागते, कारण तिथं आयडियाज नावाची पट्टी वापरतात आणि तिच्यात स्वतःची देखभाल, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, काम, आणि आजार किती वर्षं आहे एवढंच बघून गुण देतात, सात गुणांच्या खाली आलं की ४० टक्केच्या खाली गेलं. घरच्यांनी कौतुकानं सांगितलेलं एक वाक्य पगार घालवतंय. म्हणून आदल्या दिवशी घरात बसून लिहून काढा: आंघोळीची बादली कोण उचलतं, शर्टाची बटणं कोण लावतं, संडासला कसं बसतो, एसटीची पायरी चढताना कुणाचा हात लागतो, चांगल्या दिवशी काय आणि दुखतं त्या दिवशी काय. जे आहे ते. वाढवून पण सांगू नका. खोटं सांगून फायदा घेतला तर अपंग हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि बोगस सर्टिफिकेटच्या बातम्या आल्यापासून खऱ्या माणसांकडं पण संशयानं बघायला लागलेत ते वेगळंच. टक्के वाढवून देतो म्हणणारे एजंट दवाखान्याच्या बाहेर चहाच्या गाड्यावर भेटतात, त्यांच्या नादाला लागू नका, पैसे जातात आणि पकडलं तर तो नसतो, तुम्ही असता.

भाषेचं सांगतो, कारण हे आमच्याकडं प्रत्येक घरात विचारतात. डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, भावाला नीट कळत नाही, तो मान डोलावतो आणि ती मान हो म्हणून धरली जाते. तर कन्नड येणारं कुणीतरी बरोबर न्या आणि आत जायलाच पाहिजे म्हणून आधी सांगा. अर्जाबाबत घटनेचं कलम ३५० स्पष्ट आहे, तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतं. म्हणजे मराठीत अपील दिलं तर ते घेणार नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पण माझा सल्ला विचाराल तर कन्नडमध्ये द्या आणि मराठी प्रत जोडा. इथं कित्येकांना राग येतो माझा, म्हणतात तुम्ही पण त्यांच्यातलेच झालात. अहो भाषेचा लढा आहे तो आहे, तो लढायला माणसं आहेत, पण भावाच्या पगाराची फाईल त्या लढ्यात पुढं करू नका, भाषांतराच्या नावाखाली ती चार महिने पडून राहते आणि नुकसान कुणाचं होतं. आलेला हिंबरह मात्र कुणाकडून तरी शब्दन्‌शब्द मराठीत समजून घ्या, सही करायच्या आधी. "मला पगार नको" असल्या अर्थाच्या कागदावर अंगठा देऊन आलेली म्हातारी माणसं मी बघितलीत.

दुसऱ्या टेबलाचं. अपील चालू असताना नाडकचेरीत आणि तहशीलदारांना एक अर्ज द्या, की कलम ५९ खाली अपील केलंय, ही त्याची पोच, निकाल येईपर्यंत पगार रद्द करू नये, आणि नोटीस न देता थांबवला असेल तर कुठल्या आदेशानं थांबवला त्याची प्रत द्या. रद्द आणि स्थगित ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. स्थगित असेल तर जिंकल्यावर मागचा पण मागता येतो, रद्द झाला की बऱ्याचदा नवीन अर्जच कर म्हणतात आणि मधले महिने गेले. म्हणून अर्जात थकबाकीसकट हा शब्द आत्ताच घाला. चालू पगार बंद करायच्या आधी माणसाला नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे, हा साधा न्यायाचा नियम आहे, तुमच्या बाबतीत तो पाळलेला दिसत नाही, हा मुद्दा वेगळा परिच्छेद करून लिहा. तहशीलदारांकडं नाही झालं तर वर एसी साहेबांकडं, म्हणजे उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरांकडं, बेळगाव, चिक्कोडी किंवा बैलहोंगल जो तुमचा उपविभाग असेल तिथं. पेन्शन अदालत भरते तेव्हा पण जा, तिथं टक्क्याचं काही होणार नाही पण नावातली चूक, खातं, थकलेले महिने असली कामं एका बैठकीत होऊन जातात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पण एकदा बघून ठेवा, टक्क्याची लढाई जिंकून दाखल्यावर अडकलेले लोक आहेत.

पगार किती म्हणाल तर, ४० ते ७५ टक्क्यांना २०२१ मध्ये ६०० चे ८०० रुपये झाले. त्याच वेळी विधवा पगार पण ६०० चा ८०० झाला. आणि कायद्याचं कलम २४ म्हणतंय अपंगांना इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान २५ टक्के जास्त द्या. हिशेब करा तुम्हीच. पण हा मुद्दा संघटनेनं मांडायचा, तुमच्या अपिलात घालू नका, फाईल भलतीकडं जाते.

वकिलाची भीती नको. अपंग माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, कायदा सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातलं कलम १२. हे पुष्कळ वकिलांनाही लक्षात नसतं, ते उत्पन्नाचा दाखला मागत बसतात. तालुका कोर्टात समितीचं ऑफिस असतं, फोनवर विचारायचं तर १५१०० नंबर आहे. अपिलात पण नाही झालं, किंवा अपिलावर कुणी बसतच नाही असं झालं, तर बेंगळुरूला अपंग व्यक्तींसाठीचे राज्य आयुक्त आहेत, त्यांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत आणि त्यांच्याकडं साध्या अर्जानं जाता येतं. हायकोर्ट म्हणजे आपल्याला धारवाड खंडपीठ, ते शेवटचं. नोटीस न देता पगार बंद केला एवढ्यावर तिथं रिट होऊ शकते, पण माझ्या अनुभवात दोन कागद शेजारी ठेवलेलं नीट लिहिलेलं अपील असलं की बहुतेकांना तिथपर्यंत जावंच लागत नाही.

परत तपासणी होऊन ४० च्या वर आलं, तर उठायच्या आधी एक विचारा, हे टेम्पररी का? नियमात असं आहे की अपंगत्व पुढं कमीजास्त व्हायची शक्यता असेल तरच मुदत घालायची, नसेल तर कायमचं द्यायचं. अपघात होऊन इतकी वर्षं झाली, हाड जसं जुळायचं तसं जुळलं, आता त्यात काय बदल होणार. हे अपिलातच लिहा, की सर्टिफिकेट कायमस्वरूपी द्यावं, नाहीतर पाच वर्षांनी परत हाच खेळ. लहान पोरांचं वेगळं असतं, बौद्धिक अपंगत्वात ५, १० आणि १८ व्या वर्षी नवीन करावं लागतं, १८ ला मिळालं की मग ते जन्मभर. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी वाढदिवसाच्या तीन-चार महिने आधीच नंबर लावावा, मुदत संपली की पगार आपोआप थांबतो आणि परत सुरू व्हायला कुणी आपोआप येत नाही.

राहिला चंदगडचा प्रश्न. सर्टिफिकेट कुठल्याही राज्याचं असो, अपंग हक्क कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे ते देशभर चालतं, त्यामुळं उद्या भाऊ खरोखर तिकडं राहायला गेला तर तपासणी परत करायची गरज नाही. पण पगार मिळतो तो राहण्याच्या ठिकाणावरून. तिकडं संजय गांधी निराधार योजनेत रक्कम जास्त आहे, मोह होतो, मला कळतंय, सीमाभागात अर्धं गणगोत पलीकडंच असतं. पण भाऊ राहतो खानापूर तालुक्यात, रेशन इकडं, मतदान इकडं, आणि आधार दोन्हीकडं एकच. मामांच्या पत्त्यावर अर्ज टाकला आणि इकडचं अपील पण चालू ठेवलं, तर कधीतरी दोन्ही जुळणार आणि मग इकडचं खरं असलेलं प्रकरण पण संशयात जाणार, वसुली निघणार ती वेगळीच. त्यापेक्षा ह्या आठवड्यात नाडकचेरीतून हिंबरह घ्या, दवाखान्याला माहिती हक्काचा अर्ज टाका, आणि जुनं-नवं दोन्ही सर्टिफिकेट घेऊन तालुका कोर्टातल्या समितीत या. येताना भावाला आणा, आणि मनगटाचा तो जुना एक्सरे सापडला तर तोही.